यादीबाहेरची स्वेतलाना

व्लादिवोस्तोकच्या मुख्य रस्त्याचं नाव स्वेतलान्स्काया. ऐकून वाटतं, एखाद्या सरदारकन्येवरून किंवा गव्हर्नरच्या बायकोवरून पडलं असेल. तसं काही नाही. १८७३ मध्ये 'स्वेतलाना' नावाचं लढाऊ जहाज या बंदराला लागलं. जहाजावर झारचा मुलगा ग्रँड ड्यूक अलेक्सेई होता. त्या भेटीची आठवण म्हणून रस्त्याचं 'अमेरिकान्स्काया' हे जुनं नाव काढून नवं लावलं गेलं. (जुनं नावही एका जहाजावरूनच पडलेलं होतं; बंदरातली माणसं, दुसरं काय सुचणार!) पण त्याच वर्षी रशियन साम्राज्यातल्या एखाद्या शेतकऱ्याने आपल्या तान्ह्या मुलीचं नाव स्वेतलाना ठेवायचं म्हटलं असतं, तर पाद्रीबुवांनी त्याला दुसरं नाव आण म्हणून सांगितलं असतं. जहाजाला चालत होतं, रस्त्याला चालत होतं, मुलीला मात्र नाही.

आज हे नाव ऐकलं की कुणालाही ते शंभर टक्के रशियन वाटतं. हेरगिरीच्या सिनेमात रशियन बाई दाखवायची तर नताशा, ओल्गा नाहीतर स्वेतलाना. तरीही ज्या संस्थेने, म्हणजे ऑर्थोडॉक्स चर्चने, जवळजवळ हजार वर्षं रशियन माणसांची नावं ठेवली, तिच्या लेखी हे नाव अस्तित्वातच नव्हतं. 'अस्सल आपलं' नाव कोणतं, ते कुणी ठरवायचं, पोरांची नावं परंपरेतूनच घ्यावीत की नाही, हे वाद रशियात आहेत, आपल्याकडे आहेत, सगळीकडेच आहेत. या वादात स्वेतलानासारखा साक्षीदार नाही. माझं मत आधीच सांगतो: यादी हातात धरून 'हे नाव आपलं, ते परकं' म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये. यादी धर्माची असो, क्रांतीची असो, नाहीतर संस्कृतिरक्षकांची.

चर्चची यादी म्हणजे 'स्व्यात्सी', संतांचं पंचांग. वर्षाच्या प्रत्येक दिवसाला त्या त्या संतांची नावं दिलेली. मूल जन्मलं की आसपासच्या तारखांमधून एक नाव निवडायचं. ज्या संताचं नाव, तो त्या मुलाचा स्वर्गातला पाठीराखा. मुळात ही कल्पना सुंदर आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. आपल्याकडे भटजी राशीचं अक्षर काढून देतात त्यापेक्षा ती अधिक मायेची म्हणावी लागेल, कारण इथे अक्षराऐवजी आख्खं माणूस पाठीशी मिळतं. पण तिची दुसरी बाजू होती. नाव यादीत असलंच पाहिजे आणि यादी बव्हंशी बाहेरून आलेली. दहाव्या शतकाच्या अखेरीस कीव्हच्या राज्याने बायझंटाइन ख्रिस्ती धर्म स्वीकारला तेव्हा ग्रीक संतांची यादीही सोबत आली. त्यामुळे आज ज्यांना आपण रशियन नावं म्हणतो त्यांतली बहुतेक परक्या घरची. इरिना आणि अनास्तासिया ग्रीक. तात्याना आणि नाताल्या लॅटिन. आन्ना आणि मारिया हिब्रू. ओल्गा तर थेट उत्तरेकडच्या व्हायकिंगांची, 'हेल्गा'चं रूप. आणि त्या ओल्गा राणीलाही बाप्तिस्म्याच्या वेळी आपलं नाव बाजूला ठेवून येलेना व्हावं लागलं. वेरा, नादेझ्दा, ल्युबोव, म्हणजे श्रद्धा, आशा, प्रेम, ही तीन तेवढी कानाला अस्सल रशियन लागतात. पण तीही तीन ग्रीक संत बहिणींच्या नावांची भाषांतरं.

थोडक्यात, यादीप्रमाणे ग्रीक 'फ्योक्ला' ही रशियन मुलगी आणि रशियन शब्दातून बनलेली स्वेतलाना परकी.

यादी कागदावर सगळ्यांना सारखी होती, व्यवहारात नव्हती. सरदाराच्या घरी पाद्रीबुवा यजमानांना काय आवडतं ते विचारत; शेतकऱ्याच्या पोरीला त्या दिवशी जे निघेल ते. म्हणूनच फ्योक्ला, अगाफ्या, फेदोरा ही नावं खेड्यात नि मोलकरणींच्या खोलीत राहिली. पुश्किनने आपल्या पद्यकादंबरीत नायिकेचं नाव तात्याना ठेवलं तेव्हा त्याला वाचकांची जवळजवळ माफी मागावी लागली, की हे नाव ऐकताच जुना काळ आणि दासींचा कोनाडा आठवतो, हे मला माहीत आहे. तात्याना यादीत होती, संत होती, मॉस्को विद्यापीठाच्या स्थापनेचा हुकूम १७५५ मध्ये तिच्याच दिवशी निघाला होता. तरी दिवाणखान्यात तिला जागा नव्हती. ती मिळवून दिली कवीने.

स्वेतलानाची गोष्ट याच्याही पुढची. तिला फक्त दिवाणखान्यात आणलं असं नाही. तिला घडवलंच कवींनी.

१८०२ मध्ये अलेक्सांद्र वोस्तोकोव या तरुणाने 'स्वेतलाना आणि म्स्तिस्लाव' नावाचं एक कथाकाव्य लिहिलं. जुन्या काळचं, राजे-वीरांचं वातावरण हवं होतं. त्याला साजेसं नाव यादीत कुठून मिळणार? त्याने 'स्वेत', म्हणजे प्रकाश, हा शब्द घेतला, त्याला जुनं वाटेल असं शेपूट जोडलं, झाली स्वेतलाना. जुन्या दस्तऐवजांत, करारपत्रांत, बखरींत असं बाईचं नाव सापडत नाही. इंटरनेटवरच्या नावांच्या याद्यांमध्ये 'प्राचीन स्लाव्ह नाव' म्हणून ते बिनदिक्कत दिलेलं असतं, तो भाग वेगळा. आता मला या प्रकरणात सर्वांत आवडणारी गोष्ट सांगतो. हा वोस्तोकोव पुढे प्राचीन स्लाव्ह भाषेचा फार मोठा अभ्यासक झाला. ११ व्या शतकातल्या ओस्त्रोमिर शुभवर्तमानाची अभ्यासपूर्ण आवृत्ती त्यानेच १८४३ मध्ये काढली. म्हणजे जुनं काय नि नवं काय, हे त्याच्याइतकं कळणारा माणूस रशियात विरळा. पण तो जन्माने रशियन नव्हे. बाल्टिक समुद्रातल्या, आज एस्टोनियात असलेल्या सारेमा बेटावरचा जर्मन. मूळ आडनाव ओस्टेनेक. त्यातल्या 'ओस्ट'चा, पूर्वेचा, रशियन तर्जुमा 'वोस्तोक', त्यावरून वोस्तोकोव. आपलं नाव भाषांतरित करून घेतलेल्या माणसाने रशियाला तिचं सर्वांत रशियन वाटणारं नाव दिलं.

पण वोस्तोकोवची स्वेतलाना फारशी कुणी वाचली नाही. नाव घराघरांत नेलं ते वासिली झुकोव्स्कीने. जर्मन कवी ब्युर्गरच्या 'लेनोर' या भुताच्या कवितेवरून त्याने आधी एक रशियन कविता केली होती. त्याच कथेला पुन्हा हात घालून त्याने 'स्वेतलाना' लिहिली. ती १८१३ मध्ये छापून आली. प्रसंग आहे जानेवारीतल्या 'क्रेश्चेनिये' सणाच्या आदल्या रात्रीचा. बाहेर बर्फ. मुली भविष्य बघायला जमल्या आहेत. पायातला जोडा काढून फाटकाबाहेर फेकायचा, कोंबडीला मोजून दाणे घालायचे, मेण वितळवायचं, पाण्याच्या भांड्यात अंगठी आणि कानातलं टाकून वर गाणी म्हणायची. सगळ्याजणी खिदळताहेत, एकटी स्वेतलाना गप्प. तिचा माणूस वर्षभर परतलेला नाही, चिठ्ठी नाही. मध्यरात्री ती आरशापुढे मेणबत्ती लावून बसते. समोर दोघांसाठी ताटं मांडलेली. मागून कुणीतरी येतं, तिला घसरगाडीत घालून बर्फातून नेतं. वाटेत देऊळ, देवळात शवपेटी. मग एक एकटी झोपडी, तिच्यातही प्रेत. एक पांढरं कबूतर पंख पसरून तिच्या छातीवर बसलंय. प्रेत उठू बघतं आणि तिला दिसतं, हा तर तोच. इथे जर्मन कवितेत मुलगी थडग्यात जाते. झुकोव्स्कीने काय केलं? स्वेतलानाला जाग आणली. सकाळ झाली आहे, ऊन पडलंय, अंगणात घसरगाडीची घंटी वाजते, आणि तो खराच आलाय, जिवंत, धडधाकट.

ही कविता रशियात पिढ्यान्‌पिढ्या पाठ केली गेली. झुकोव्स्कीने ती आपल्या भाचीला, अलेक्सांद्रा प्रोतासोवाला, लग्नाचा आहेर म्हणून दिली. मग ती बाई जन्मभर मित्रमंडळींत स्वेतलानाच राहिली. खुद्द झुकोव्स्कीही सुटला नाही. 'आर्झामास' नावाच्या साहित्यिक टोळक्यात प्रत्येकाला झुकोव्स्कीच्याच कवितांमधलं टोपणनाव मिळत असे. पुश्किन रातकिडा, आणि हा वयाने तिशी ओलांडलेला, पुढे झारच्या वारसाचा शिक्षक होणारा गृहस्थ त्यांच्या सभांमध्ये 'स्वेतलाना' म्हणून बसत असे. बघा, या नावाने हाक मारलेल्या पहिल्या काही माणसांतला एक पुरुष होता! आणि त्याच्या स्वतःच्या नावाची कथा? बाप बुनिन नावाचा जमीनदार, आई युद्धात पकडून आणलेली तुर्की बंदिवान, सालहा. मुलाला आडनाव लाभलं ते घरात आश्रयाला असलेल्या एका गरीब सरदाराचं. एका जर्मनाने घडवलेलं नाव एका तुर्की आईच्या मुलाने गाजवलं. 'मातीतली नावं' म्हणून गळा काढणाऱ्यांनी एवढं एकदा शांतपणे वाचावं.

त्यानंतरची शंभर वर्षं हे नाव एक विचित्र आयुष्य जगलं. ते सगळ्यांच्या तोंडी होतं, आवडतं होतं, पण त्या नावाची माणसं जवळजवळ नव्हती. मग ते वस्तूंना लागलं. १८५८ मध्ये फ्रान्समध्ये बांधून घेतलेलं ते जहाज, ज्याच्यावरून रस्ता. मग त्याच नावाची एक क्रूझर, जी १९०५ मध्ये सुशिमाच्या लढाईत जपान्यांनी बुडवली. सेंट पीटर्सबर्गमध्ये विजेचे दिवे निघाले, त्यांचा छाप 'स्वेतलाना', आणि कुणीतरी हुशारी करून त्याचा अर्थही लावला: 'स्वेतोवीये लाम्पी नाकालिवानिया' या तीन शब्दांची आद्याक्षरं, म्हणजे तापून प्रकाश देणारे दिवे. तो कारखाना पुढे व्हॅक्यूम ट्यूबसाठी प्रसिद्ध झाला. जुन्या धाटणीचे गिटार अँप्लिफायर बाळगणाऱ्यांना हा ब्रँड अजून ठाऊक असतो. मुलीचं नाव ठेवायची मनाई असल्यामुळे लोकांनी आपली हौस बल्बवर भागवली असंच म्हणावं लागेल.

डिसेंबर १९१७ मध्ये नव्या सरकारने जन्म-मृत्यू-लग्नाच्या नोंदी चर्चकडून काढून सरकारी कचेरीकडे दिल्या. नावाच्या दृष्टीने खरी क्रांती ही. यादी गेली. आता काय वाटेल ते नाव ठेवा.

आणि लोकांनी ठेवलं. ओक्त्याब्रिना, ऑक्टोबर क्रांतीवरून. निनेल, म्हणजे लेनिन उलटा वाचून. व्लादलेना, व्लादिमिर लेनिनला चिमटीत धरून. मेलोर, म्हणजे मार्क्स, एंगल्स, लेनिन, ऑक्टोबर क्रांती, सगळी मंडळी एका पोराच्या डोक्यावर. इस्क्रा, म्हणजे ठिणगी. नंतर स्तालिना. बाप्तिस्म्याच्या जागी 'ओक्त्याब्रिनी' नावाचे समारंभ सुरू झाले; कारखान्याच्या क्लबात लाल कापडाखाली बाळाचं बारसं, आत्याबाईंऐवजी पक्षाचे सचिव. (कानात 'कुर्र' करत होते का, याची नोंद मला सापडलेली नाही.) ही नावं म्हणजे दुसरी यादीच होती. पहिलीत संत, दुसरीत क्रांती. सक्ती उघड नव्हती, पण वारं कुठल्या दिशेला आहे ते सगळ्यांना कळत होतं.

या गर्दीत स्वेतलाना हळूच सरकारी रजिस्टरात शिरली. ती क्रांतिकारक नव्हती आणि संतही नव्हती. नास्तिक बापाला चालत होती, कारण चर्चने तिला कधी स्वीकारलंच नव्हतं. देवभोळ्या आजीला चालत होती, कारण तिने लहानपणी ती कविता पाठ केली होती. खेड्यापाड्यांत वीज पोचवण्याचा गजर चालू असताना 'प्रकाश' या अर्थाचं नाव समजावून सांगावं लागत नव्हतं. शिवाय हाक मारायला सोपं: स्वेता, स्वेतोच्का, लाना. सामान्यतः सगळं श्रेय स्टॅलिनला दिलं जातं, की साहेबांनी १९२६ मध्ये जन्मलेल्या लेकीचं नाव स्वेतलाना ठेवलं म्हणून देशाने ठेवलं. हे मला अर्धवट वाटतं. पक्षाचा बडा नेता बुखारिन, त्याची मुलगी स्वेतलाना याच्या दोन वर्षं आधी जन्मलेली. स्टॅलिनचा सहकारी मोलोतोव, त्याचीही मुलगी स्वेतलाना. क्रेमलिनच्या आवारात एकाच पिढीत तीन स्वेतलाना! त्यांचे आईबाप एकमेकांचं बघून नाव ठेवत होते की प्रत्येकाच्या कानात झुकोव्स्कीची शाळेतली कविता होती? मला दुसरं अधिक पटतं. स्टॅलिनने नाव चालू केलं नाही. चालत आलेल्या नावाला त्याच्या घराचा पत्ता मिळाला, त्याने वेग वाढला. साम्राज्याच्या काळात पाण्यात उतरवलेल्या, अर्धवट राहिलेल्या 'स्वेतलाना' नावाच्या तिसऱ्या जहाजाचं मात्र १९२५ मध्ये नव्या सरकारने बारसं बदललं: 'प्रोफिन्तेर्न', लाल कामगार संघटनांच्या आंतरराष्ट्रीय मंडळाचं संक्षिप्त नाव. मुलींना नाव मिळू लागलं आणि जहाजाचं गेलं. सरकारला जहाजावर क्रांती हवी होती, आईबापांना पाळण्यात प्रकाश.

पुढच्या तीसेक वर्षांत निकाल लागला. ओक्त्याब्रिना आणि निनेल म्हाताऱ्या होत गेल्या, नव्या जन्मल्या नाहीत. १९५६ मध्ये ख्रुश्चॉव्हने स्टॅलिनच्या गुन्ह्यांचा पाढा वाचल्यावर 'स्तालिना' नावाच्या बाईने रेशनच्या रांगेत काय सोसलं असेल कोण जाणे. स्वेतलाना मात्र साठ-सत्तरच्या दशकांत सोव्हिएत वर्गांमध्ये इतक्या झाल्या की बाईंना आडनावं लावून हाका माराव्या लागत. म्हणजे चर्चने नऊशे वर्षं चालवलेली यादी एका हुकुमाने गेली. क्रांतीची यादी एका भाषणाने कोसळली. आणि दोन्हींत नसलेलं नाव टिकलं.

स्टॅलिनच्या मुलीबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण भारताचा धागा तिच्याजवळ येतो. लहान होती तेव्हा बाप तिला 'सेतान्का' म्हणायचा, 'मालकीणबाई' म्हणायचा. ती त्याला लेखी 'हुकूम' द्यायची आणि हा जगाला कापरं भरवणारा माणूस खाली सही करायचा: आज्ञा शिरसावंद्य, सचिव क्रमांक अमुक. मोठेपणी तिला त्या आडनावाचं ओझं झालं. १९५७ मध्ये तिने आईचं आडनाव घेतलं, अल्लिलुयेवा. आडनाव सुटलं, पण रशियन नावाचा मधला तुकडा, 'ओत्चेस्त्वो', म्हणजे बापाचं नाव, कसा सुटणार? स्वेतलाना इओसिफोव्ना, योसेफची मुलगी, ती कागदोपत्री राहिलीच. आपल्याकडे मधलं नाव बापाचं असतं, नेमका तोच प्रकार. १९६२ मध्ये तिने गुपचूप बाप्तिस्मा घेतला. डिसेंबर १९६६ मध्ये ती दिल्लीला आली, आपले जोडीदार, उत्तर प्रदेशातल्या कालाकांकरच्या राजघराण्यातले कम्युनिस्ट ब्रजेश सिंह यांच्या अस्थी घेऊन. सोव्हिएत सरकारने त्यांच्याशी लग्नाची नोंदही करू दिली नव्हती. अस्थी गंगेत सोडल्या, काही आठवडे तिथे राहिली, आणि ६ मार्च १९६७ रोजी परत मॉस्कोचं विमान धरायच्या ऐवजी दिल्लीतल्या अमेरिकन दूतावासाचा जिना चढली. अमेरिकेत लग्न केलं तेव्हा लाना पीटर्स झाली आणि २०११ मध्ये त्याच नावाने गेली. बापाचं, देशाचं, सगळं काढून टाकल्यावर तिच्याजवळ स्वतःची अशी उरली ती त्या कवितेतल्या नावाची शेवटची दोन अक्षरं.

बाप्तिस्म्याचा उल्लेख केला त्याला कारण आहे. चर्चने स्वेतलानांना अजूनही सरळ दार उघडलेलं नाही, खिडकीतून आत घेतलंय. स्वेतलाना नावाची बाई चर्चमध्ये गेली की बहुधा तिला 'फोतिना' किंवा 'फोतिनिया' म्हणतात. ग्रीक 'फोस' म्हणजे प्रकाश. विहिरीवर येशूशी बोललेल्या शमरोनी बाईला परंपरेने दिलेलं हे नाव. म्हणजे प्रकाशच, पण ग्रीकमधला. पासपोर्टवर स्वेतलाना, प्रसादाच्या रांगेत फोतिना. आपल्याकडची पाळण्यातली नि व्यवहारातली नावं आठवली तर यात नवल वाटणार नाही. आणि खरं सांगायचं तर हा तोडगा मला आवडतो. यादी वाचली, माणूसही वाचलं. फक्त तो तोडगा सापडायला कुणाला तरी आधी यादी मोडावी लागली, हे विसरू नये.

आता 'रशियन नाव' या शब्दांकडेही वळून बघायला हवं. स्वेतलाना साविट्स्काया १९८२ मध्ये अंतराळात गेली आणि २५ जुलै १९८४ रोजी यानाबाहेर पडून अवकाशात काम करणारी पहिली स्त्री ठरली. ज्या साल्यूत-७ वर तीन महिने आधी आपले राकेश शर्मा होते, त्याच स्थानकावरून. ती रशियन. पण २०१५ चं साहित्याचं नोबेल मिळालेली स्वेतलाना आलेक्सियेविच बेलारूसची, जन्म युक्रेनमधला. बेलारूसचे सत्ताधीश लुकाशेंको यांच्याविरुद्ध २०२० मध्ये निवडणूक लढवलेली तिखानोव्स्काया स्वतःचं नाव बेलारूसी पद्धतीने स्व्यात्लाना लिहिते. युक्रेनमध्ये तेच स्वितलाना. युद्धाच्या या काळात एका स्वराचा फरक म्हणजे कुठल्या बाजूचा पासपोर्ट, असं झालंय. हे नाव मग कुणाचं? जर्मनाने केलेलं, तुर्की आईच्या लेकाने गाजवलेलं, बेलारूसच्या आणि युक्रेनच्या बायका मिरवत असलेलं. रशियाने त्यावर मालकी सांगायची तर कोणत्या कागदाच्या आधारावर?

दुसरी बाजू मला ठाऊक आहे. मोकळीक दिली की लोक काहीही करतात. रशियात २००२ मध्ये मॉस्कोतल्या एका जोडप्याने मुलाचं नाव अक्षरं आणि आकडे मिळून केलं, जन्मतारखेसकट. नोंदणी कचेरीने नकार दिला आणि ते मूल वर्षानुवर्षं त्या भांडणात वाढलं. अखेर मे २०१७ मध्ये कायदा झाला: नावात आकडे नकोत, जोडरेघेशिवाय दुसरी चिन्हं नकोत, शिव्या नकोत, पदं आणि पदव्या नकोत. हे मला मान्य आहे. हाक मारता येईल, कारकुनाला लिहिता येईल आणि पोराला शाळेत घेऊन जाता येईल, एवढं नाव असावं. त्या कायद्यात महत्त्वाचं काय, तर जे नाही ते. नाव स्लाव्ह असावं, संतांचं असावं, परंपरेतलं असावं असं तिथे कुठे म्हटलेलं नाही. ही मर्यादा राहू द्यावी. पण 'आपली पारंपरिक नावं ठेवा'चा धोशा अधूनमधून कुठेही सुरू होतो, आणि त्याला बळी पडून सरकारने सुचवण्यांच्या याद्या काढायला सुरुवात केली की सूचना कधी अट होते ते कळत नाही.

सरकारने नावात हात घालूच नये असंही माझं म्हणणं नाही. महाराष्ट्र सरकारने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या कागदपत्रांत स्वतःच्या नावानंतर आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव असा क्रम लावला, त्याचं मी मनापासून स्वागत केलं. त्या नियमाने कोणतं नाव ठेवायचं ते सांगितलं नाही. जी व्यक्ती कागदावरून गायब होती तिला जागा दिली. स्टॅलिनच्या मुलीच्या आईचं नाव नादेझ्दा; इओसिफोव्नाच्या शेजारी 'नादेझ्दाची' असं लिहायची सोय असती तर त्या मुलीला आईचं नाव मिळवण्यासाठी तिशी ओलांडावी लागली नसती. याउलट तांदळाच्या ताटात अंगठीने सुनेचं नवं नाव लिहायची आपली रीत घ्या. तिथे कायदा नाही, संतांची यादी नाही. सासरच्यांची आवड हीच यादी. वीस-पंचवीस वर्षं एका नावाने जगलेल्या माणसाला एका संध्याकाळी 'आता तू अमुक' म्हणून सांगणं, हे चर्चच्या स्व्यात्सीपेक्षा कमी कडक आहे असं मला तरी वाटत नाही.

गेल्या हिवाळ्यात गोव्यात मोरजीला गेलो होतो. तिथे फलक रशियनमध्ये, मेनू रशियनमध्ये, शहाळी विकणाऱ्यालाही दहा-वीस रशियन शब्द येतात. सकाळी एक पन्नाशीची बाई त्याच्याकडे आली, तो म्हणाला, "गुड मॉर्निंग श्वेता मॅडम." बाई हसली, शहाळं घेऊन गेली. मी विचारलं, श्वेता कशी? तर गडी मूळचा सावंतवाडीकडचा. म्हणाला, "तेनीच सांगल्यान, स्वेता म्हणान. आमच्या वैनीचा नाव पण श्वेताच. मगे मी इसारतलंय कसो?" स्वेतलानाचं स्वेता आणि त्याच्या वहिनीचं श्वेता, हा योगायोग नव्हे. स्लाव्ह 'स्वेत' आणि संस्कृत 'श्वेत' खरंच एका मुळातून आलेले. पण व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं तसं स्वेतलाना 'मूळ संस्कृत नाव' नव्हे. चुलत बहिणींना आई-मुलगी ठरवण्याची आपल्याला भारी घाई. शब्द चार-पाच हजार वर्षं जुना, नाव दोनशे वर्षांचं. आपल्याकडेही 'गीतांजली' हे मुलीचं नाव रवींद्रनाथांच्या पुस्तकाआधी कुणी ठेवलं असेल असं मला वाटत नाही, आणि आज कुठल्याही शाळेत एखादी गीतांजली असतेच. तिच्या आजीला कुणी विचारत नाही, हे नाव परंपरेतलं आहे का म्हणून.

आता रशियात स्वेतलाना हे काकू-मावश्यांचं नाव झालंय. गेली काही वर्षं मॉस्कोच्या नोंदणी कचेऱ्यांत मुलींच्या नावांत सोफिया वरच्या क्रमांकावर असते. मारिया, आन्ना, आलिसा, एवा मागोमाग. सत्तरच्या दशकात सोफिया म्हटलं की आजीबाई डोळ्यांपुढे यायच्या. त्या आज्या गेल्या आणि नाव कोरं होऊन परत आलं. १९७० च्या आसपास जन्मलेल्या स्वेतलाना आत्ता कुठे आज्या व्हायला लागल्या आहेत. नातीचं नाव काय ठेवायचं याच्या चर्चेत त्यांचं नाव निघालं की सुना नाक मुरडतात, "आई, काहीतरी मॉडर्न सुचवा ना!" म्हणतात, आणि मग कचेरीत जाऊन सोफिया लिहून येतात.